पुडी आणि पोकळी

'व्हेसिकल' हा शब्द पेशीशास्त्रातही आहे आणि भूशास्त्रातही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी पिशवी. माझ्या मते तो पेशीत चपखल बसतो आणि खडकात दिशाभूल करतो.

पेशीतली व्हेसिकल खरोखरच पिशवी असते. तिला मेदाचं स्वतःचं आवरण असतं, आत माल असतो, आणि तो कुठे उतरवायचा हे ठरवण्यात आवरणावरच्या प्रथिनांचा मोठा हात असतो. ही वाहतूक उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडोफ यांना २०१३चं नोबेल मिळालं. चेतापेशींत तर सुमारे ४० नॅनोमीटरच्या पिशव्या इशारा मिळताच मिलिसेकंदाच्या आत रिकाम्या होऊ शकतात.

आता सह्याद्रीतला एखादा घाट बघा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वर येताना दाब कमी झाला, विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटू लागला आणि काही बुडबुडे निसटण्याआधीच लाव्हा थिजला. वायू गेला, भोक उरलं. या व्हेसिकलला स्वतःचं आवरण नाही. भिंत आहे ती खडकाची.

मी रोज कोड लिहितो. तिथे रिकामी लिस्ट आणि 'नल' यांत गल्लत केली की प्रोग्रॅम कोसळतो. रिकामी लिस्ट ही एक वस्तू आहे, 'नल' म्हणजे वस्तूच नसणं. इथे नेमकी तीच गल्लत एका शब्दात आहे.

कुणी म्हणेल, खडकातली भोकंही भरतात की! खरंय. झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइटसारखे स्फटिक वाढतात. पुणे, नाशिक, जळगावकडचे असे नमुने जगभरातल्या संग्रहांत आहेत. पण भोक भरलं की भूशास्त्रज्ञ त्याचं नावच बदलतात आणि 'अमिग्डेल', म्हणजे बदाम, म्हणतात. भरलेल्या-रिकाम्यातला फरक त्यांना महत्त्वाचा वाटतो. मग पिशवी आणि भोक यांतला का वाटू नये?

मराठीत व्हेसिकलला 'पुटिका' म्हणतात. किराणा दुकानातली आपली 'पुडी' याच घराण्यातली. पुडी बांधावी लागते, तिच्यात काहीतरी असतं, ती कुणाकडे तरी जाते. पेशीसाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही. खडकासाठी मात्र 'वायुपोकळी' म्हणावं. इंग्रजीला जुनं नाव निभावावं लागतंय, पण आपण पाठ्यपुस्तकं लिहिताना ते ओझं उचलायची गरज नाही. नववीतल्या मुलीला शब्द वाचताक्षणी कळायला हवं, की इथे काही बांधलेलं आहे की काही निघून गेलंय.