पोथी नसलेल्या धर्माशी संवाद

धर्माधर्मांत स्नेह वाढावा म्हणून ज्या मराठी पुरुषांनी आपली लेखणी झिजविली, त्यांत विनोबा भावे यांचे स्थान पहिल्या पंक्तीचे आहे. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील आमच्या सिंदी गावाहून त्यांचा पवनारचा आश्रम फारसा दूर नाही. या शेजारामुळे त्यांच्या ग्रंथांविषयी आमच्या मनी आदर आहे. परंतु आदर आहे म्हणून परीक्षण टाळावे, असे आम्हांस वाटत नाही.

‘कुराण-सार’, ‘ख्रिस्तधर्म-सार’, धम्मपदाची नवी मांडणी, ‘जपुजी’ आणि त्यांच्या प्रेरणेने सिद्ध झालेला ‘समणसुत्तं’ ही ग्रंथमाला एकत्र पाहिली की तिची रीत ध्यानात येते. त्या त्या धर्माची वचने निवडावयाची, विषयवार लावावयाची आणि आपण मागे राहावयाचे. सर्व धर्म एकच, असे म्हणून त्यांची खिचडी करणे सोपे असते. विनोबांनी तसे केले नाही. कुराणासाठी ते अरबी शिकले आणि कुराणाला कुराणाच्याच शब्दांत बोलू दिले. प्रत्येकाचे वेगळेपण राखून केलेली ही ओळख हा या मालेचा सर्वांत मोठा गुण होय.

तथापि येथेच एक शंका उभी राहते. सार काढावयाचे तर आधी ग्रंथ हवा. ज्या धर्मास ग्रंथ नाही, त्याचे सार कशातून काढावयाचे? आमच्या या प्रांतावर देवगड व चांदा येथील गोंड राजांनी एके काळी राज्य केले. गोंडांचा बडादेव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडात वसतो. त्यांचा धर्म कुळाच्या नात्यांत, गाण्यांत आणि झाडाखालच्या पूजेत नांदतो. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली त्याचे सविस्तर वर्णन छापले, हे खरे. परंतु एखाद्याविषयी लिहिणे निराळे आणि त्याच्याशी बोलणे निराळे.

ही गोष्ट केवळ गोंडांची नव्हे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकतात व दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्यास आमंत्रण देतात. हे करताना शेतकरी कोणतीही पोथी उघडीत नाही. त्याच्या धर्मभावनेचे वचन शोधू जाल तर सापडणार नाही. ते आमंत्रणच त्याचे वचन आहे.

युरोपातील ड्रुइडांचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. आपली विद्या लिहून ठेवणे ते निषिद्ध मानीत आणि ती मुखोद्गत करण्यात काही जण वीस वर्षे घालवीत, असे ज्यूलियस सीझर सांगतो. ती परंपरा तुटली. आज त्यांच्याविषयी लिखित असे जे काही उरले, ते मुख्यतः त्यांस जिंकणाऱ्यांच्या ग्रंथांत. म्हणूनच ब्रिटनमधील आधुनिक ड्रुइडांना आपला धर्म वृक्ष, ऋतू आणि कल्पना यांच्या आधाराने नव्याने उभारावा लागला. १९९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत निसर्गपूजक पंथांना आसन मिळाले. परंतु गेलेली वाणी आसन मिळाल्याने परत येत नाही.

विनोबांस हे दार अपरिचित होते काय? मुळीच नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या ‘गीता प्रवचनां’तील दहावा अध्याय पाहावा. नदी, सूर्य, पशु-पक्षी यांत ईश्वर कसा ओळखावा, हे तेथे बालकाला अक्षरे शिकवावीत तसे शिकविले आहे. आमच्या मते ग्रंथमालेहूनही हे प्रवचन अधिक उदार आहे. तरीही त्यात सृष्टी हे ईश्वराचे अक्षर आहे, वाचणारे आपण. गोंडाला साजा हा वाचावयाचा नसतो. तो त्याच्या देवाचे घर असतो. हा भेद पुसून संवाद साधणे म्हणजे दुसऱ्याला आपल्याच भाषेत बोलावयास लावणे होय.

या चर्चेस व्यवहाराचीही बाजू आहे. १९४१ पर्यंतच्या जनगणनांत आदिवासींच्या धर्मास कोणत्या ना कोणत्या नावाने निराळा रकाना असे. १९५१ पासून तो राहिला नाही. २०११ साली सुमारे ७९ लाख लोक ‘इतर धर्म’ या सदरात मोजले गेले, व त्यांत आदिवासी पुष्कळ होते. ज्यांची ओळख ‘इतर’ एवढीच, त्यांच्याशी संवाद कोणी करावा?

मार्ग विनोबांच्याच कार्यात आहे. ‘समणसुत्तं’च्या ७५६ गाथा जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केल्या, परंतु १९७४ साली दिल्लीच्या संगीतीत सर्व जैन पंथांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून त्यांस संमती दिल्यावरच तो ग्रंथ सर्वांचा झाला. हीच रीत झाडाखाली न्यावी. गोंडी गाणी व विधी गोंडांनीच सांगावेत, गोंडीतच टिपले जावेत, शेजारी मराठी अर्थ असावा, आणि काय छापावे व काय छापू नये हे त्यांच्याच बैठकीने ठरवावे. काही गोष्टी छापू नयेत असे त्यांनी म्हटल्यास तो नकारही संवादाचाच भाग मानावा. अशा ग्रंथाखेरीज विनोबांची माला आम्हांस अपुरी वाटते. आणि ती पुरी करणे हे त्यांच्या वाचकांचे काम आहे.