सद्हेतू, विटा आणि यजमान मंडळी

२० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे ईवान इलिच यांनी उत्तर अमेरिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांसमोर एक भाषण केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊन सेवा करावी, या हेतूने ते विद्यार्थी जमले होते. सद्हेतूंना नरकात धाडा, अशा अर्थाच्या मथळ्याने ते भाषण पुढे छापले गेले आणि अल्पकालीन मिशनकार्याचा विषय निघाला म्हणजे आजही त्याचा उल्लेख होतो. पाहुण्या मंडळ्यांची पथके आठ-पंधरा दिवसांसाठी येतात, उपासनामंदिराची भिंत उभारतात, शाळेची खोली रंगवितात आणि परत जातात. या प्रथेची परीक्षा करताना इलिच यांना वगळून पुढे जाता येत नाही. परंतु त्यांच्यापाशी थांबूनही चालत नाही, असे आमचे मत आहे.

इलिच हे व्हिएन्नात १९२६ साली जन्मलेले रोमन कॅथलिक धर्मगुरू. पोर्टो रिकोतील पाँसे येथील कॅथलिक विद्यापीठात त्यांनी उपकुलगुरूपद सांभाळले होते. पुढे कुएर्नावाकातील त्यांच्या केंद्रात लॅटिन अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश भाषा शिकविली जाई. म्हणजे बोलणारा माणूस बाहेरचा टीकाकार नव्हता. जाणाऱ्यांची तयारी करून देणे हाच त्याचा व्यवसाय होता. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : तुम्ही पाहण्यासाठी या, शिकण्यासाठी या, डोंगर चढा, फुले पाहा, पण मदत करण्यासाठी येऊ नका. गरिबांतच काम करावयाचे असेल तर स्वतःच्या देशातील अशा गरिबांत करा, जे तुम्हाला तुमच्याच भाषेत 'चालते व्हा' असे सांगू शकतील.

या शेवटच्या वाक्यात भाषणाचे सारे बळ आहे, आणि आमच्या मते त्याची उणीवही तेथेच आहे. सेवेची कसोटी सेवा घेणाऱ्याच्या नकारात आहे, हे इलिच यांनी अचूक ओळखले. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला किंमत नाही. परंतु खेड्यातील यजमानाला 'नको' म्हणता येतच नाही, असे ते गृहीत धरून चालतात. त्याचे तोंड कशाने बंद होते, याचा शोध ते घेत नाहीत. भाषेची अडचण हे एक कारण झाले. त्याहून मोठी कारणे यजमानाच्या घरातच असतात. आपल्याकडे दारी आलेल्याला जा म्हणण्याची रीत नाही. शिवाय पथकामागोमाग छपराचे पैसे येतील, पुढील वर्षी विहिरीचे येतील, ही आशा पाळकाच्या मनात असते. या आशेला आम्ही लोभ म्हणणार नाही. गळक्या छपराखाली प्रभुभोज देणाऱ्या पाळकाची ती साधी गरज आहे. पण नकार गिळला जातो तो याच आशेपायी.

दुसरे लेखन कर्ट व्हर बीक यांचे. होंडुरासमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या या समाजशास्त्रज्ञाने, १९९८ च्या मिच वादळात उद्ध्वस्त झालेल्यांसाठी बांधलेल्या घरांचा अभ्यास करून तो २००६ साली प्रसिद्ध केला. परदेशी पथकांनी बांधलेल्या घरामागे प्रवास धरून सरासरी सुमारे ३०,००० डॉलर खर्ची पडले. स्थानिक संस्थेने बांधलेले घर सुमारे २,००० डॉलरांत झाले. घरात राहणाऱ्या कुटुंबांच्या जीवनात, घर कोणी बांधले यावरून फरक पडल्याचे आढळले नाही. परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानधर्मात टिकाऊ वाढ झाली, असेही फारसे दिसले नाही. अमेरिकेतून वर्षाकाठी सुमारे १६ लाख प्रौढ सभासद अशा दौऱ्यांवर जातात, हा रॉबर्ट वुथनाऊ यांच्या पाहणीवरून काढलेला २००५ च्या सुमाराचा अंदाज शेजारी ठेवला म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते.

हा अभ्यास प्रामाणिक आहे. तथापि एका घराच्या पैशात पंधरा घरे झाली असती, एवढाच बोध त्यातून घेणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. प्रवास रद्द झाला असता तर तेच पैसे होंडुरासला पोचले असते, हे कोणी सांगावे? आणि मनुष्याचे सान्निध्य हीच जेथे उणीव असते, तेथे हा हिशेब अपुरा पडतो. १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळील आनंदवनात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी स्वयंसेवक राहिले, कुष्ठरोग्यांसोबत जेवले आणि त्यांनी इमारती बांधल्या. तेथे विटांपेक्षा त्यांचे जेवणच मोलाचे होते. तेच काम पैसे पाठवून झाले नसते. मात्र असे स्थळ क्वचित असते. ज्या गावात गवंडी रिकामा बसलेला आहे, तेथे पाहुण्याने थापी हाती घेण्यात कोणते सान्निध्य?

इलिच आणि व्हर बीक या दोघांच्याही लेखनाचा रोख मुख्यतः जाणाऱ्याकडे आहे. आरंभीची मंडळी मात्र यजमानाशी बोलत होती. 'बारा प्रेषितांची शिकवण' हा प्राचीन ग्रंथ १८७३ साली हस्तलिखिताच्या रूपाने सापडला आणि १८८३ साली छापला गेला, हे वाचकांस विदित आहेच. येणाऱ्या प्रेषिताचे प्रभूप्रमाणे स्वागत करा. पण त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दुसराही. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. जाताना त्याला भाकरी द्यावी. त्याने पैसे मागितले तर तोही खोटा. साध्या वाटसरूला यथाशक्ती साहाय्य करावे. तो दोन-तीन दिवसांहून अधिक राहू नये. राहावयाचे असेल आणि हाताला कसब असेल तर त्याने काम करून खावे. हे सर्व नियम यजमान मंडळीला दिलेले आहेत. पारख करण्याचा अधिकार तिचा आहे आणि ती पारख म्हणजे आदरातिथ्यातील कसूर नव्हे, असे तो ग्रंथ मानतो.

हा अधिकार वापरला नाही तर किंमत कोण देतो? नाथानाने दावीदाला सांगितलेल्या दृष्टान्तात (२ शमुवेल १२) वाटसरू आला तेव्हा धनवानाने आपली मेंढरे राखली आणि दरिद्र्याची एकुलती एक मेंढी कापली. आपण त्या कथेतील पाप पाहतो आणि पाहुण्याला विसरतो. पाहुणा निर्दोष होता. कोणाची मेंढी ताटात आली, हे त्याला ठाऊकही नसावे. पथकाचे स्वागत मंडळीच्या नावाने होते; पंधरा माणसांचा स्वयंपाक दहा दिवस धर्मशिक्षकाची पत्नी करते, पाणी तिच्या मुली भरतात आणि गावचा गवंडी तितके दिवस मजुरीस मुकतो. पुढे त्यालाच बोलावून ओळंब्यात न बसलेली भिंत उतरवून घेतली जाते. आम्ही हे एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. सिमेंटच्या कामावर निदान आठवडाभर पाणी मारावे लागते. पथक तोवर गाडीत बसलेले असते.

बाहेरून येऊन बांधणाऱ्याचे उदाहरण म्हणून नहेम्याचे नाव नेहमी घेतले जाते. घेणाऱ्यांनी त्याचे पुस्तक पुरते वाचावे. शुशनहून आल्यावर तो तीन दिवस काहीच बोलला नाही. रात्री उठून मोजक्या माणसांनिशी त्याने तट पाहिला. तिसऱ्या अध्यायात बांधणाऱ्यांची नावे आहेत ती तेथील रहिवाशांची, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. कोट ५२ दिवसांत पुरा झाला. सुभेदाराचा शिधा मात्र त्याने बारा वर्षे घेतला नाही, कारण लोकांवरील भार जड होता. उलट त्याच्याच पंक्तीला १५० माणसे जेवत. येथे पाहुणाच यजमान झाला आहे. नकाराचे उदाहरण हवे असेल तर एज्रा ४ पाहावे : आम्हीही तुमच्याबरोबर बांधतो, असे म्हणत आलेल्यांना जरूब्बाबेल आणि येशूवा यांनी परत पाठविले. त्यानंतर विरोध उठला आणि मंदिराचे काम दारयावेशाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत अडून राहिले. नकार फुकट मिळत नाही, हेही शास्त्र लपवीत नाही.

आपल्या देशात परदेशी देणगीचा व्यवहार २०१० च्या कायद्याने आणि २०२० च्या दुरुस्तीने पुष्कळ आवळला गेला आहे, आणि पर्यटनाच्या परवान्यावर येऊन मिशनकार्य करता येत नाही. म्हणून हा प्रश्न आपला राहिला नाही, असे काही बंधू मानतात. आम्हास तसे वाटत नाही. वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील आपल्याच मंडळ्यांचे तरुण नाताळाच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खेड्यांत श्रमदानास जातात. तेथील यजमानाला ते आपलेच वाटतात, म्हणून तो अधिकच गप्प राहतो. त्यांना पाठविणाऱ्या पाळकांनी होकाराचे पत्र मागण्याआधी गावच्या मंडळीला तीन गोष्टी विचाराव्यात : हे काम गावातील कोण करू शकतो, त्याची मजुरी किती, आणि आम्ही न येता ती मजुरी पाठविली तर चालेल काय? उत्तर लेखी मागवावे आणि ते पंचमंडळीच्या बैठकीत, धर्मशिक्षकाच्या पत्नीच्या समक्ष, ठरलेले असावे. त्यानंतरही बोलावणे आले तर जावे, गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राबावे आणि शिधा बरोबर न्यावा.