झाडं पाणी वाचवतात, पण ते गोसीखुर्दपर्यंत पोहोचतं का?

"कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं कमी पाणी वापरतात, त्यामुळे नद्यांचं पाणी वाढतं." संशोधन प्रस्तावात हे वाक्य भारदस्त दिसतं. त्याला आधार म्हणून २००६ साली 'नेचर'मध्ये आलेला गेडनी आणि सहकाऱ्यांचा पेपर देता येतो. पण हा पेपर नीट वाचायला हवा.

आधी पानाचं बघू. पर्णरंध्रं ही एकच वाट आहे. तिथूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि तिथूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत हा वायू दशलक्षात साधारण २८० भाग होता, आज ४२० च्या पुढे आहे. बाहेर वायू भरपूर असेल तर रंध्रं थोडी मिटली तरी पानाचं काम भागतं आणि पाणी वाचतं. प्रयोगांत हे वारंवार दिसलंय, त्याबद्दल वाद नाही.

गेडनींच्या गटाने हाच परिणाम थेट खंडांच्या पातळीवर शोधला. विसाव्या शतकात नद्यांचा प्रवाह वाढल्याच्या नोंदी घेतल्या आणि हवामान, जंगलतोड, मंदावलेला सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड अशी चार कारणं मॉडेलमधून तपासली. एकट्या हवामानाने वाढीचा हिशेब लागेना, रंध्रं मिटण्याचा परिणाम धरल्यावर लागला. प्रतिस्पर्धी कारणं शेजारी-शेजारी ठेवून तपासायची ही पद्धत शिकण्यासारखीच आहे.

पण मेख इथेच आहे. 'हिशेब जुळतो' म्हणजे 'कारण सापडलं' असं नाही. यादीत एखादी गोष्ट राहून गेली तर तिचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, पिआओ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं. कार्बन डायऑक्साइड झाडांचं खतही आहे. त्यांनी मॉडेलमध्ये पानांचं क्षेत्रफळ वाढू दिलं, तेव्हा १९०१ ते १९९९ या काळात या वायूमुळे नद्यांचं पाणी वाढण्याऐवजी कमी झालेलं दिसलं. एकेका पानाने वाचवलेलं पाणी जास्तीच्या पानांनी खर्च केलं! प्रवाहवाढीचा सुमारे निम्मा वाटा जमिनीच्या वापरातल्या बदलाचा निघाला.

आता हा दावा आपल्या वैनगंगेवर लावून बघा. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, आज त्याला ३३ दरवाजे आहेत. या खोऱ्यात पानगळीचं जंगल बरंच आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, म्हणजे मिटायला रंध्रंच नाहीत. नदीचं बहुतेक पाणी पावसाळ्यात येतं, तेव्हा हवा दमट असते आणि बाष्पोत्सर्जन तसंही मंदावतं. खरी बचत व्हायची ती मुख्यतः पावसाळा संपल्यापासून पानगळीपर्यंत. तेव्हाही वाचलेल्या ओलाव्यावर झाडाने पानं थोडे दिवस जास्त टिकवली, तर बचत तिथेच संपेल.

त्यात वरच्या अंगाला वैनगंगेवर संजय सरोवर आणि पेंचवर तोतलाडोह ही धरणं आहेत. भाताच्या बांध्या आहेत, विहिरी आणि बोअरवेलचा उपसा आहे. जलाशयाच्या पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन वेगळंच. एवढ्या गर्दीतून पर्णरंध्रांचा बारीक आवाज फक्त धरणात आलेल्या पाण्याच्या आकड्यांवरून ऐकू येईल, असं मला वाटत नाही.

म्हणून गेडनींचा पेपर टाकाऊ ठरत नाही. प्रश्न त्यांनीच मोठा केला, म्हणून पिआओंचं उत्तर आलं. प्रस्तावात तो पेपर जरूर द्या, पण शेजारी पिआओही द्या. आणि मोजमाप पान, झाड की खोरं यांपैकी कोणत्या पातळीवरचं आहे ते स्पष्ट लिहा. पानावरून खोऱ्यावर उडी मारायची असेल, तर मधल्या पायऱ्या तुम्ही कशा मोजणार, हे मार्गदर्शक विचारायच्या आधी कागदावर आलेलं बरं.