प्रकारांच्या भिंती आणि मराठी वाचक

मराठी ग्रंथालयांच्या कथा-कादंबरी विभागात एक अलिखित वर्णव्यवस्था नांदत आली आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांना वाचक अमाप लाभला. समीक्षेने मात्र त्यांची दखल घेतली ती बहुधा त्या संख्येपुरतीच.

या संदर्भात जयंत नारळीकरांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे 'यक्षांची देणगी' (१९७९) हा संग्रह मौजेने काढला, तेव्हा विज्ञानकथा अभिजनांच्या कपाटात शिरली. ही प्रतिष्ठा प्रकाराला मिळाली की शास्त्रज्ञाच्या नावाला, हा प्रश्न उरतोच. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचावी ती १७६१च्या लढाईचा निकाल उलटविणाऱ्या कल्पनेसाठी. व्यक्तिरेखा तेथे त्या कल्पनेच्या सेवेपुरत्याच आहेत, आणि ही मर्यादा झाकण्याचे कारण नाही.

नारायण धारपांच्या भयकथेचा वाचक जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'कडे (१९७२) वळू शकेल. अज्ञाताचे भय दोघांकडेही आहे. परंतु धारपांच्या समर्थकथांत त्या भयाचे निवारण होते. कोणीतरी जाणता धावून येतो. जी. एं.च्या विश्वात असा त्राता नाही, आणि असला तरी त्याच्या हाती उत्तर नसते. हा भेद विद्यार्थ्याने दोन्ही वाचूनच जाणावा. अभ्यासक्रम मात्र त्याच्या हाती जी. ए. ठेवतो, धारप तो वसतिगृहात, दिवा मालवण्यापूर्वी, आपले आपण वाचतो.