पाच गोळ्या, एक ग्रुप आणि ‘अचूक’ हा शब्द

एअरसॉफ्ट पिस्तुलांची परीक्षणं वाचायचा मला नाद आहे. पिस्तूल माझ्याकडे एकही नाही, घ्यायचंही नाही. पण पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारं कुणी भेटलं की मी म्हणतो, संशोधन पद्धतीचं पुस्तक जरा बाजूला ठेव आणि यातली दोन परीक्षणं वाच. प्रयोग एवढासा असतो, सगळा डोळ्यांसमोर घडतो, आणि चुकाही तिथंच उघड्यावर पडलेल्या असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल, आत गॅस, आणि ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी. हा छंद जपानमध्ये रुजला आणि टोकियो मारुई ही त्यातली सर्वांत ओळखीची कंपनी. तिच्या हाय-कॅपा ५.१ किंवा ग्लॉक १७ च्या नकलेचं परीक्षण साधारण एकाच साच्यात असतं: दिसायला कसं, हातात कसं बसतं, क्रोनोग्राफवर वेग किती, आणि शेवटी कागदावर पाच गोळ्या मारून ‘ग्रुप’ किती मिलिमीटरचा आला. मग निकाल: ‘जबरदस्त अचूक’.

आधी वेगाचं बघू, कारण ती बाजू त्यातल्या त्यात चांगली असते. जपानमध्ये २००६ साली कायदा बदलला आणि गोळीच्या ऊर्जेवर मर्यादा आली, दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल. ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी ती ०.९८९ ज्यूल भरते. मर्यादेच्या वरचं पिस्तूल बाळगणं हा तिथं गुन्हा आहे, त्यामुळे आकड्याला वजन आहे. अनेक जपानी परीक्षक दहा गोळ्यांचा सरासरी, कमाल आणि किमान वेग देतात, शिवाय खोलीचं तापमानही लिहितात. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या कित्येक लॅब रिपोर्टांत एवढंही नसतं.

पण गणित करा. ०.२० ग्रॅमच्या गोळीसाठी मर्यादेचा वेग येतो सेकंदाला ९९.४५ मीटर. परीक्षकाला ९८.९ मिळाला आणि त्यानं लिहिलं, ‘मर्यादेच्या आत’. क्रोनोग्राफची चूक एक टक्का धरली तर खरा वेग ९७.९ ते ९९.९ मध्ये कुठंही असू शकतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणून वेगातली एक टक्का चूक ऊर्जेत दोन टक्के होते. गोळी ०.२० ऐवजी ०.२०४ ग्रॅमची निघाली तर आणखी दोन टक्के. एवढ्या चुकीत ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे दोन्ही निकाल बसतात, आणि निष्कर्ष मात्र एकच छापलेला असतो.

खरी गंमत गॅसमध्ये आहे. मॅगझिनमध्ये एचएफसी-१३४ए द्रवरूपात असतो, आणि दाब ठरतो तापमानावर: २० अंशाला सुमारे ५.७ बार, १० अंशाला सुमारे ४.१. प्रत्येक गोळीला थोडा द्रव उकळून वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता मॅगझिनकडूनच घेतो. भराभर चाप ओढला की मॅगझिन गार पडतं, दाब उतरतो, वेग घसरतो. म्हणजे दहावी गोळी ही पहिलीची स्वतंत्र पुनरावृत्ती नाहीच. तुमच्या पुस्तकात ‘निरीक्षणं स्वतंत्र आहेत असे गृहीत धरू’ असं एक वाक्य असतं ना, ते इथं मोडतं.

आता परीक्षक काय करतो? आधी ०.२० च्या दहा गोळ्या मारतो, मग त्याच मॅगझिनमध्ये ०.२५ च्या दहा भरतो, आणि लिहितो की जड गोळीचा वेग इतका कमी झाला. त्यातला किती वजनामुळे आणि किती गार मॅगझिनमुळे? सांगता येत नाही. वर आणखी एक भानगड: गॅसच्या पिस्तुलात जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, गॅसला तिला ढकलायला जास्त वेळ मिळतो, म्हणून तिची ऊर्जा हलक्या गोळीपेक्षा थोडी वाढू शकते. दोन परिणाम उलट दिशेचे, आणि मोजलेला आकडा एकच. दोन्ही वजनं आलटूनपालटून मारली आणि मध्ये ठरावीक वेळ थांबलं, की हा गुंता बराच सुटतो. खर्च शून्य. (पहिल्या वर्षी मी स्वतः हेच केलं होतं. सगळे ‘कंट्रोल’ नमुने सकाळी, बाकीचे दुपारी. गाइडनी एकच प्रश्न विचारला, ‘लॅबमध्ये एसी कधी लावतात?’ तीन आठवडे गेले.)

आता तो ग्रुप. ग्रुप म्हणजे सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर. पाच गोळ्यांतून तुम्ही दोनच बघता, त्याही सर्वांत वाईट. शिवाय हे माप गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतं. गोळ्यांचा विखुरलेपणा दोन्ही दिशांना सारखा आणि नॉर्मल धरला, तर ३ गोळ्यांचा ग्रुप सरासरी प्रमाण विचलनाच्या २.४ पट, ५ चा ३.१ पट आणि १० चा ३.८ पट येतो. तीन गोळ्या मारणारा परीक्षक काहीही न करता दहावाल्यापेक्षा ‘अचूक’ ठरतो.

त्याहून वाईट म्हणजे पाच गोळ्यांचा ग्रुप तेच पिस्तूल असतानाही पंचवीस-तीस टक्के सहज इकडेतिकडे होतो. समजा एका पिस्तुलाचा ४२ मिलिमीटर आला आणि दुसऱ्याचा ५८. वाचणारा पहिलं विकत घेतो. पण एकाच पिस्तुलाचे लागोपाठ दोन ग्रुपही असे येऊ शकतात. ‘ही एक गोळी माझ्या हातानं गेली’ म्हणून ती वगळली, तर विषयच संपला. गोळी कागदावर कुठं लागली हे बघितल्यावर तिला वगळायचं कारण सुचतं, याची मला भीती वाटते.

आणि हात? परीक्षक पिस्तूल टेबलावर टेकवतो, तरी हात हलतोच. समजा हातामुळे १० मिलिमीटर विचलन आहे. एका पिस्तुलाचं स्वतःचं ६, दुसऱ्याचं ८. वर्गांची बेरीज करून मूळ काढा: ११.७ आणि १२.८. दुसरं पिस्तूल तेहतीस टक्के वाईट आहे, कागदावर दिसतं जेमतेम दहा टक्के. शिकंज्यात पक्कं बसवलं तर फरक दिसेल. पण मग ‘खेळताना कसं वागेल’ हा प्रश्न सुटतो का, तर नाही. प्रश्न आधी ठरवायचा, मांडणी नंतर.

‘अचूक’ या शब्दावरही माझा राग आहे. हॉप-अप म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेला रबर, तो गोळीला मागची फिरकी देतो आणि त्यामुळे ती वर तरंगत जाते. तो ०.२० साठी लावून ०.२५ मारली तर सगळा ग्रुप खाली सरकतो, पण घट्ट राहू शकतो. सातत्य आहे, निशाणा चुकला आहे. मिलिमीटरमधला ग्रुप सातत्य सांगतो, निशाण्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. तरी मथळ्यात ‘अचूक’च येतं.

आणि हे सगळं एका पिस्तुलावर. दुकानातून आलेला एक नग, बऱ्याचदा कंपनीनंच पाठवलेला. त्यावरून ‘हे मॉडेल’ असं वाक्य सुरू होतं.

मी असतो तर वीस गोळ्या मारल्या असत्या, प्रत्येक छिद्राचं मध्यबिंदूपासूनचं अंतर काढून सरासरी घेतली असती, एकही वगळली नसती. पाच गोळ्यांच्या चार ग्रुपांना लागतात तेवढ्याच गोळ्या, आणि मापात फक्त टोकाच्या दोन नाही तर सगळ्या वापरल्या जातात. पण मॅगझिन गार होऊ नये म्हणून दोन गोळ्यांमध्ये किती सेकंद थांबायचं? ते आधी मोजावं लागेल. त्याच पिस्तुलावर, एक अख्खी दुपार, फक्त वेग आणि घड्याळ. आजवर वाचलेल्या एकाही परीक्षणात ती दुपार मला दिसलेली नाही.