रेषेतला माणूस आणि छायाचित्रातला माणूस : चित्रविनोदाच्या लक्ष्याविषयी

मराठी विनोदाची समीक्षा ही प्रामुख्याने शब्दनिष्ठ विनोदाची समीक्षा राहिली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे अशी परंपरा आपण सांगतो. चित्रविनोदाला तीत क्वचितच स्वतंत्र स्थान मिळते. डिजिटल कॅमेरा आणि आंतरजाल घरोघर पोहोचल्यानंतर विनोदाचा फार मोठा व्यवहार चित्रांच्या आधारे होऊ लागला. त्यामुळे ही उणीव आता अधिक जाणवते. प्रस्तुत लेखात व्यंगचित्र आणि आंतरजालावर फिरणारे विनोदी छायाचित्र यांतील एका भेदाकडे लक्ष वेधावयाचे आहे. हा भेद तंत्राचा आहेच. परंतु त्याहून अधिक तो हास्याच्या लक्ष्याचा आहे.

या विवेचनाचा आरंभ बंगळूरपासून करणे सयुक्तिक ठरेल. डॉ. एम. शिवराम, म्हणजे कन्नड वाचकांचे ‘राशी’, यांनी १९४२ साली तेथे ‘कोरवंजी’ हे विनोदी मासिक सुरू केले. म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांची आरंभीची काही व्यंगचित्रे या मासिकात प्रसिद्ध झाली. पुढे लक्ष्मण मुंबईस आले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील त्यांचा ‘कॉमन मॅन’ मराठी घरांतही ओळखीचा झाला. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषिक समाजांनी या चौकड्यांच्या कोटातल्या म्हाताऱ्याला आपले मानले, याचे एक कारण त्याच्या रेषेतच आहे. तो कोणाही एका माणसाचे चित्र नाही. तो बोलत नाही, केवळ पाहतो. आणि त्याचे पाहणे हे वाचकाचेच पाहणे असते. व्यंगचित्रकाराची रेषा व्यक्तीपासून नमुना वेगळा काढते. राजकीय नेत्याचे अर्कचित्र हा अपवाद खरा. परंतु तेथे लक्ष्य सत्ता हे असते आणि चित्राखाली चित्रकाराची सही असते.

मराठी दिवाळी अंकांच्या परंपरेत याचे आणखी एक रूप आढळते. ‘आवाज’मधील खिडकीचित्रांत पानाला पाडलेल्या झरोक्यातून पुढील पानावरील चित्राचा काही भाग दिसतो आणि वाचकाच्या मनात चावट शंका येते. पान उलटताच प्रसंग अगदी निरुपद्रवी निघतो. येथे फजिती होते ती चित्रातील पात्राची नव्हे, तर शंका घेणाऱ्या वाचकाची. चिमणरावांच्या चऱ्हाटात निवेदक स्वतःचीच फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याच्याशी या तंत्राचे नाते जवळचे आहे. हास्य हसणाऱ्याकडे वळविणे, हे मराठी विनोदाच्या सामर्थ्याचे एक लक्षण म्हणता येईल.

छायाचित्राचा स्वभाव मात्र निराळा. रेषा माणूस निर्माण करते. कॅमेरा समोर असलेल्या माणसाचीच नोंद करतो. त्यामुळे छायाचित्रातला माणूस हा नेहमी कोणीतरी एक असतो. फिल्मच्या काळात या गोष्टीला एक नैसर्गिक मर्यादा होती. रोलमध्ये छत्तीस चित्रे असत, ती धुऊन येईपर्यंत थांबावे लागे आणि प्रत्येक चुकीला पैसे पडत. डोके कापले गेलेला मामा, भिंगापुढे आलेले बोट, फ्लॅश भिंगाला लागून असल्याने लाल झालेले डोळे : या साऱ्याचे हसू घरातल्या अल्बमपुरते राहत असे. हसणारे आणि हसू झालेले एकाच खोलीत बसलेले असत.

कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. पुढे तीसएक वर्षांत हे तंत्र सर्वसामान्यांच्या खिशातील भ्रमणध्वनीत आले. नवशिक्याला चुकण्याचे भय उरले नाही. चित्र आवडले नाही तर ते तत्क्षणी पुसता येऊ लागले. हा लोकशाहीकरणाचा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु जे चित्र स्वतःच्या यंत्रातून पुसता येते, ते दुसऱ्याकडे गेल्यावर पुसता येत नाही, हा त्याच तंत्राचा दुसरा गुणधर्म आहे. प्रत आणि मूळ यांत फरक नसल्याने चित्र संदर्भावाचून फिरते. त्यावर कोणीतरी ओळ लिहितो, दुसरा ती बदलतो, सही कोणाचीच नसते. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली योजलेला ‘मीम’ हा शब्द या प्रकाराला लाभला, तो या अनुकरणशीलतेमुळेच.

या निनावी निर्मितीत लोकवाङ्मयाशी साम्य आहे, असे म्हटले जाते. ते काही अंशी खरे आहे. ओव्या आणि म्हणी यांचाही कर्ता सांगता येत नाही. तथापि म्हणीतला ‘उतावळा नवरा’ हा कोणा एकाचा चेहरा घेऊन येत नाही. फिरत्या छायाचित्रातील अवघडून उभा राहिलेला तरुण किंवा यंत्रापुढे गोंधळलेली वृद्धा यांना मात्र चेहरा आहे, गाव आहे, शेजारी आहेत. त्यांना नमुना बनविण्याचा अधिकार हसणाऱ्यास कोणी दिला, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर कायद्याकडून मिळविण्याचा मार्ग धोक्याचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविले, ते उचितच होते. कारण अशा तरतुदीची झळ सत्तेवर हसणाऱ्यांनाच लागते. म्हणूनच हे काम समीक्षेचे आहे. समीक्षेने प्रत्येक चित्रविनोदाला तीन प्रश्न विचारावेत : लक्ष्य नमुना आहे की व्यक्ती, व्यक्ती असल्यास ती सत्तावान आहे की असहाय, आणि हसणारा स्वतः त्या चित्राच्या चौकटीत आहे की बाहेर.

आंतरजालावरील सारा विनोद या कसोटीवर उणा ठरेल असे नाही. स्वतःच्या फसलेल्या छायाचित्राखाली स्वतःच ओळ लिहिणारा नवशिका हा चिमणरावांचाच वारस आहे. त्याची दखल घेणे, आणि अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर पोसला जाणारा विनोद त्यापासून वेगळा काढणे, हे दोन्ही झाल्याशिवाय मराठी विनोदाचा अलीकडचा इतिहास पूर्ण होणार नाही.