एका आचाऱ्याची उमेदवारी

कीर्तिमान माणसाच्या आत्मचरित्रात बालपणीच्या हालअपेष्टांना अलीकडे एक ठरीव जागा मिळाली आहे. आरंभी दारिद्र्य किंवा पोरकेपण, मग एखादा कठोर गुरू आणि अखेरीस टाळ्यांचा गजर. दूरचित्रवाणीमुळे घरोघर पोहोचलेल्या बल्लवाचार्यांची चरित्रेही याच साच्यातून निघू लागली आहेत. सोसलेले दुःख तेथे भांडवलासारखे गुंतवले जाते आणि वाचकाच्या सहानुभूतीच्या रूपाने त्यावर व्याज वसूल होते. झाक पेपँ या फ्रेंच आचाऱ्याने 2003 साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेले ‘द अप्रेन्टिस’ हे आत्मचरित्र वाचताना प्रथम जाणवते ते हे, की असे व्याज मागण्याची या गृहस्थाला मुळी इच्छाच नाही.

पुस्तकाच्या नावापासूनच पाहावे. लेखकाचे वय त्या वेळी सदुसष्ट. फ्रान्सच्या शासनप्रमुखांचा स्वयंपाक त्याने केलेला, ‘ला तेक्निक’ (1976) हा त्याचा ग्रंथ पाककलेच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकासारखा झालेला, ज्युलिया चाइल्ड या बाईंबरोबरचे त्याचे कार्यक्रम अमेरिकेत घरोघर पाहिले गेलेले. आणि हा मनुष्य स्वतःला म्हणवतो ‘उमेदवार’! या शब्दात लटका विनय असेल अशी शंका येते. पण पुस्तक पुढे वाचत गेले की ती विरते.

पेपँचा जन्म 1935 मधला, बूर-आं-ब्रेस या गावचा. पाठोपाठ महायुद्ध आले, जर्मनांचा अंमल आला, अन्न दुर्मिळ झाले. वडील प्रतिकार चळवळीत गेले आणि तीन मुलग्यांचा भार आईवर पडला. शेतावर निदान पोटभर खायला मिळेल, एवढ्या एका हिशेबाने तिने सहा वर्षांच्या झाकला उन्हाळ्यापुरते एका शेतकरी कुटुंबात ठेवले. आई निघून गेली तेव्हा मूल रडले. शेतकरीणबाईने त्याला गोठ्यात नेले, गाईच्या सडाला त्याचा हात लावून दिला आणि धारोष्ण दूध पाजले. त्या दुधाची चव ही आपली अन्नाची पहिली मोठी आठवण, असे लेखक सांगतो. येथे दुसऱ्या कोणी विरहाची दोन-चार पाने भरली असती. पेपँ गोठ्यातच थांबतो. दुःख नाकारलेले नाही. त्याच्या शेजारी दुधाचा पेला ठेवला आहे, इतकेच. हा प्रसंग मला साऱ्या पुस्तकातला सर्वोत्तम वाटतो.

युद्धानंतर आईने लहानशी खाणावळ काढली. पुढे ल्याँ शहरात ‘ल पेलिकाँ’ नावाचे उपाहारगृह चालवले. सकाळी बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाव पाहत जायचे आणि परतताना, विक्रेते आवराआवर करीत असताना, मऊ पडलेली अळंबी आणि अतिपिकले टोमॅटो घासाघीस करून उचलायचे, हा तिचा शिरस्ता. काही वाया घालवायचे नाही, हा तिचा धडा पेपँच्या हाताला जन्मभर चिकटला. अभावाचे त्याने केले ते एवढेच: त्यातून एक सवय कमावली. तथापि येथे एक तक्रार नोंदवली पाहिजे. ही कर्तबगार स्त्री आपल्याला नेहमी मुलाच्या कौतुकाच्या डोळ्यांतूनच दिसते. मूल परक्या घरी सोडून परतताना तिच्या मनाचे काय झाले असेल, हा प्रश्न प्रौढ लेखकाने स्वतःला विचारायला हवा होता.

तेराव्या वर्षी शाळा सोडून झाक गावातल्या मोठ्या हॉटेलात उमेदवारीला राहिला. कोंबडीची हाडे काढण्याचे ‘यंत्र’ आणायला नवशिक्याला गावभर हिंडवायचे, आणि अखेर एक बोजड पोते त्याच्या पाठीवर लादून माघारी धाडायचे, ही तिथली पिढीजात थट्टा. पहिले वर्ष झाडणे, सोलणे, कोळसा वाहणे यांत गेले. कोणी काही शिकवत नव्हते, पाहून घ्यायचे. मग एके दिवशी मुख्य आचाऱ्याने सांगितले, उद्यापासून तू शेगडीवर. मुलगा उभा राहिला, आणि आपल्याला येते आहे असे त्याला आढळले. हे सारे हसत सांगितले आहे. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेले वडील जसे रागाविना आणि विनोदाने अवतरतात, त्याची येथे आठवण होते. फरक असा, की लक्ष्मीबाईंच्या हसण्याखाली घरातल्यांना काय सोसावे लागले ते स्पष्ट दिसत राहते. पेपँ मात्र त्या पद्धतीचा इतका कृतज्ञ आहे, की तिच्याखाली चिरडून गेलेल्या इतर पोरांचा विचार त्याला फारसा सुचत नाही.

पॅरिसच्या ‘प्लाझा आतेने’ हॉटेलातले वर्णन आपल्या वाचकांपैकी कचेरीत आयुष्य घालवणाऱ्यांना विशेष रुचेल. तेथे पदार्थ कोणाच्या हातचा आहे हे ओळखू न येणे हीच कौशल्याची खूण मानली जाई. मसुदा कोणीही लिहो, खाली सही खात्याचीच, हा आपला परिचित न्याय! पुढे लष्करी सेवेच्या काळात पेपँ पंतप्रधानांच्या निवासस्थानी आचारी झाला. 1958 साली तेथे द गॉल आले. त्यांच्या पत्नी रविवारच्या कौटुंबिक जेवणाचे बेत त्याच्याशी ठरवीत. परंतु आचाऱ्याला दिवाणखान्यात बोलावून दोन शब्द बोलावेत, ही कल्पनाच त्या काळी कोणाला शिवत नसे. म्हणूनच 1959 मध्ये अमेरिकेला गेल्यावर केनेडींच्या व्हाइट हाउसमधली जागा पुढे आली तेव्हा तिच्यात काही अपूर्वाई त्याला वाटली नाही. ती जागा रेने व्हेर्दाँला मिळाली आणि तिच्याबरोबर प्रसिद्धीही. पेपँने पत्करली हॉवर्ड जॉन्सन या हमरस्त्यांवरील उपाहारगृहांच्या कंपनीची चाकरी! तेथे त्याने दहा वर्षे काढली, ग्राहकांसाठी मांसाचे तुकडे परतण्यापासून आरंभ केला आणि साधा अमेरिकन मनुष्य काय खातो ते शिकून घेतले. मानाच्या जागेऐवजी कामाची जागा निवडल्याचा डौल या निवेदनात कोठेही नाही. व्हाइट हाउसची प्रतिष्ठा आपल्याला कळलीच नव्हती, असे तो सरळ सांगतो.

शाळा अर्धवट टाकलेला हा आचारी याच काळात कोलंबिया विद्यापीठात जाऊ लागला आणि 1970 मध्ये पदवीधर झाला. फ्रेंच साहित्यातील अन्न या विषयावर प्रबंध लिहिण्याची त्याची इच्छा होती. विषय पुरेसा गंभीर नाही म्हणून ती नाकारली गेली. आम्हां मराठी समीक्षकांनी या प्राध्यापकांना हसण्याचे कारण नाही. पंक्तीचे वर्णन आम्ही चवीने वाचतो. वाढणाऱ्याचे, रांधणाऱ्याचे आत्मवृत्त आमच्या वाङ्मयेतिहासात शोधू गेल्यास हाती काय लागते?

उत्तरार्ध मात्र उतरता आहे. कीर्ती आली आणि तिच्याबरोबर मित्रांची नामावळी आली. मेजवान्या, मासेमारी, अळंबी वेचण्याच्या सहली यांची वर्णने आनंदी आहेत, पण एकीमागून एक वाचताना मन शिणते. 1974 साली रस्त्यात हरीण आडवे येऊन मोटारीचा भीषण अपघात झाला. अनेक हाडे मोडली; उपाहारगृहात तासन्‌तास उभे राहण्याचे दिवस संपले, आणि म्हणून तो शिक्षक आणि लेखक झाला. आयुष्याला असे वळण देणारी घटना, पण तीही तो त्याच प्रसन्न स्वरात सांगतो. ज्याचे हात हेच ज्याचे ज्ञान, त्याला ते हात निकामी होतील ही भीती कशी वाटली असेल? बालपणाच्या वर्णनात जो संयम शोभून दिसला, तोच येथे अंतर राखण्याची रीत बनतो.

प्रत्येक प्रकरणाअखेर पाककृती दिल्या आहेत. पहिल्यांदा हे मला प्रकाशकाचे आमिष वाटले. पण आईच्या अंड्यांची कृती वाचताना मत बदलते: उकडलेल्या अंड्यांतला बलक लसूण-कोथिंबिरीच्या जातीच्या पाल्याबरोबर कालवून पुन्हा भरायचा, ती बाजू तव्यावर परतायची आणि उरलेल्या सारणाचाच मोहरी घालून रस्सा करायचा. आईविषयी प्रकरणात जे लिहिले गेले नाही, त्यातले बरेच या उरलेल्या सारणात आहे. नंतरच्या प्रकरणांच्या कृती खुशाल चाळाव्यात; ही मात्र सावकाश वाचावी.